सुपारीच्या डब्बीतला तेजलालभाऊ

खबर आली तेव्हा मी कोहमाऱ्याजवळ एका बारशात स्टुलावर उभा राहून तोंडानं "टक्, टक्" करून राहिलो होतो. फोन लताचा, म्हणजे तेजलालभाऊच्या पोरीचा. "काका, बाबा गेले," म्हणे. मी म्हटलं, "कोठी गेले? आज तं मले त्याच्याकडून लाईटचा स्टँड घ्याचा होता." मग तिनं सारं सांगितलं, तेव्हा समजलं. सकाळी धानाच्या बांधीत चक्कर मारून आला, चहा मागितला, अन् चहा येईपर्यंत बसल्या जागी गेला. मी स्टुलावरून उतरलो. बारशातल्या आजीले वाटलं फोटो झाले, तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. अन् मी खाल्ला. जोडीदार गेल्याची खबर कानात अन् पेढा तोंडात, असा माणूस साऱ्या जिल्ह्यात मी एकटाच असन.

त्याले जाऊन दीड महिना झाला. लता म्हणे, काका, पेपराच्या पुरवणीसाठी बाबावर लिहा. मी टिकाराम, चौथीत दोनदा बसलो, मग मास्तरच थकले. म्हणून हे मोबाईलले बोलून सांगून राहिलो, लिहिण्याचं काम त्याचं. तेजलालभाऊ बारावी शिकलेला, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तिरोड्याच्या बाजूले त्याची धानाची शेती, अन् सीझनमधी आम्ही दोघं लग्नाचे फोटो काढणारे. सहा वर्षांआधी गोंदियाच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी दोघांनी नवीन मिररलेस कॅमेरे घेतले. भाऊ म्हणे, "टिक्या, एकाच कंपनीचे घेऊ. बॅटऱ्या अदलाबदली होतीन, लेन्स होतीन." दुकानदारबी तेच म्हणे. मी दुसऱ्या कंपनीचा घेतला. काऊन, तं त्याचा डब्बा मोठा होता. घरी येऊन पाहतो, तं अर्धा डब्बा थर्माकोल.

तेव्हापासून आमचं एकच भांडण, कोनाचा कॅमेरा चांगला. माझा काळा, वजनाले हलका, अन् डोळा पकडण्यात उस्ताद. नवरीनं पदर घेतला, नवरदेवाच्या तोंडापुढं मुंडावळ्या लोंबल्या, तरी त्याच्या स्क्रीनवरचा लहानसा चौकोन बरोबर डोळ्यावर जाऊन बसे. पण बॅटरी अशी, का तिसऱ्या मंगलाष्टकाले मान टाके. अन् साऱ्यायले गोरं करे. सावळी नवरी असो का चुलीवरचा आचारी, माझ्या फोटोत सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यावानी. भाऊचा चंदेरी कॅमेरा वजनदार, पण हळदीपासून बिदाईपर्यंत दोन बॅटऱ्यांत चाले, अन् रंग जसाचा तसा. फक्त मे महिन्यात शूटिंग करता करता तापे अन् बंद पडे. मग भाऊ त्याले घेऊन कूलरपुढं बसे. एका नवरदेवानं म्हटलं, "काका, थोडी हवा मलेबी येऊ द्या." भाऊ म्हणे, "तू बंद पडला तं लग्न उद्या होईन, हा बंद पडला तं झालेलं लग्नबी दिसणार नाही."

माझ्या कॅमेऱ्यात आणखी एक गोम. तो आवाजच नाही करे. बायका तशाच ताठ उभ्या राहत अन् विचारत, "निघाला का? आवाज तं आला नाही." म्हणून मी बटन दाबलं का तोंडानं "टक्" करायचो. तेव्हा कोठी त्या हालत. सेटिंगमधी आवाज चालू होते हे मले दोन वर्षांनी समजलं, पण तोवर तोंडाले सवय लागली होती. भाऊ म्हणे, "कंपनीवाल्यानं एवढं डोकं लावून आवाज बंद केला, अन् तू तोंडानं चालू केला."

मांडवात गेल्यावर आमचं पहिलं काम ठरलेलं. भाऊच्या खांद्यावर पांढरा दुपट्टा राहे. तो छातीपुढं पसरून तो उजेडात उभा राहे, मी त्याचा फोटो काढो. मग दुपट्टा मी धरो, तो माझा काढे. त्याचं म्हणणं, दुपट्टा पांढरा दिसला का बाकीचे रंग आपोआप जागेवर येते. फोटो पाहिला का हा ट्रायलचा फोटो उडवायचा, हा त्याचा नियम. त्यानं माझा एकबी नाही ठेवला. मी मात्र उडवू शकत नव्हतो. कारण पहिल्याच साली दरेकशाकडच्या एका लग्नात मी ट्रायलचा एक फोटो उडवाले गेलो, अन् सारी हळद उडवून बसलो. मेनू इंग्रजीत, कचऱ्याच्या डब्ब्याचं चित्र तेवढं मले समजे. दुसऱ्या दिवशी नवरीच्या घरी जाऊन हात जोडले, का हळद आणखी एकदा लावा. तिच्या मावश्यायनं लावली, पण मले. डोक्यापासून पायापर्यंत. अन् भाऊनं त्याचे एकशे चाळीस फोटो काढले. गाडीवर येता येता म्हणे, "त्या डब्ब्याच्या बटनाले आता जिंदगीत हात लावजो नको." मी नाही लावला. लग्नाचे फोटो तो कम्पुटरवर घे, स्वतःचे तिथूनबी काढून टाके, अन् कार्ड मले वापस देऊन म्हणे, "दुकानातून खाली करून आणजो." मी "हो भाऊ" म्हणो, कार्ड सुपारीच्या डब्बीत टाको, अन् गुपचूप दुसरं घेऊन येवो.

तेरवीचा दिवस जवळ आला अन् फोटोचा प्रश्न निघाला. वहिनी म्हणे, "साऱ्या तालुक्याचे काढले, अन् घरात ह्यायचा एक नाही. आधार कार्डावर आहे, त्यात चोरावानी दिसते. तो नाही लावत मी." लतानं मोबाईल धुंडाळले. जेवताना दोन, झोपलेला एक, बाकी साऱ्यात तोंडापुढं कॅमेरा. पाहुणे म्हणे, आधारवालाच मोठा करा, वेळ कोठी आहे. वहिनी उठून आत गेली. मी तिथंच बसून होतो, अन् मले सुपारीची डब्बी आठवली. सांगायचं म्हणजे सहा वर्षं भाऊशी खोटं बोललो, हे त्याच्याच घरात कबूल करायचं. घरी गेलो, डब्बी घेऊन आलो, अन् वहिनीपुढं उपडी केली. सुपारीचा चुरा अन् सव्वीस कार्डं.

लतानं एकेक कार्ड लावलं. भाऊ, भाऊ, भाऊ. साऱ्या मांडवायत, छातीवर दुपट्टा, अन् प्रत्येक फोटोत तोंड उघडं, कारण प्रत्येक वेळी तो मले शिव्याच देऊन राहिला होता. पहिल्यांदा वहिनी हसली. म्हणे, "हे एवढे गोरे कधी झाले?" मग तो एक आला. त्या दिवशी भाऊ फ्रेममधी बसेना म्हणून मी मागं सरकलो, आणखी सरकलो, अन् कढीच्या गंजात बसलो. कढी कोमट होती, नाही तं हे सांगाले मी राहिलो नसतो. कॅमेरा तेवढा वर धरला, बोट दाबल्या गेलं. फोटो सारा तिरपा. मांडवाचा खांब पडून राहिल्यावानी, दुपट्टा हवेत, अन् भाऊ सारे दात काढून हसून राहिला. डोळा मात्र असा साफ, का पापण्या मोजून घ्या. वहिनीनं लताचा हात थांबवला, म्हणे, "हाच." लता म्हणे, "सरळ करू का?" वहिनी म्हणे, "राहू दे. सरळ केला तं टिकाराम दिसणार नाही त्यात."

आता तो भिंतीवर आहे. येणारा जाणारा मान वाकडी करून पाहते अन् फ्रेम सरकवाले हात लावते. वहिनी म्हणते, "फ्रेम सरळच आहे, माणूस हसून राहिला."

भाऊचा चंदेरी कॅमेरा वहिनीनं माझ्या गळ्यात घातला. मागच्या हप्त्यात एका लग्नात दोन्ही नेले. एवढ्या दिवसानं सांगतो, भाऊ, तुझाच चांगला आहे. रंग तं चांगलेच आहेत. तुझ्यापुढं हे बोललो असतो तं तू सहा वर्षं गावभर सांगितलं असतं. दुपट्टा धराले कोणी नव्हतं, म्हणून मांडवाच्या खांबाले बांधला अन् तुझ्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. पांढरा एकदम पांढरा आला. तुझ्या कॅमेऱ्याले स्वतःचा आवाज आहे, तरी माझ्या तोंडातून "टक्" निघालाच.

तो फोटो नाही उडवला. घरी येऊन कार्ड काढलं, डब्बीत टाकलं.