पोळ्याच्या दिवशी लँड रोव्हर

आमच्या सुमंतमामाला गाड्या घेण्याचा नाद नाही, बघण्याचा आहे. त्याही जुन्या, इंग्रजी आणि परवडतील अशा. सगळी नोकरी नागापूरच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात गेली. आता सावेडीत निवृत्त. पण मोबाईलवर उघड्या टपाची एखादी एमजी विकायला निघाली, की हा माणूस भरल्या ताटावरून उठतो आणि मला फोन करतो. "मैत्रेयी, गाडी काढ. नुसतं बघून येऊ." मी त्याची एकुलती भाची, त्यामुळे माझे रविवार त्याच्या मालकीचे.

संगमनेरच्या एमजीत तो कसाबसा बसला, तर गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. ओढून काढायला दोन माणसं लागली. राहुरीच्या एका हेराल्ड गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या. परतताना प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." मागच्या सीटवर प्रेमलामामी डबा उघडायची. "हो, हो. धपाटे घ्या."

मग श्रीगोंद्याजवळची ती लँड रोव्हर निघाली. चालू स्थितीतली आणि खरोखर आवाक्यातली. मालक गहिनीनाथ नावाचे ऊसवाले शेतकरी. गुडघे गेल्यामुळे त्यांना क्लच दाबवेना, म्हणून विकत होते. पण दोन दिवसांनी पुण्याचं गिऱ्हाईक यायचं होतं.

"ही गेली तर संपलं," मामा म्हणाला. "मी जन्मभर बघ्याच राहणार." हे तो हसत म्हणाला नाही, म्हणून मी रजा टाकली. पुणेकर यायच्या आदल्या दिवशी आम्ही जाणार होतो.

त्या दिवशी अमावस्या होती. आजोबा भिक्षुकी करायचे, त्यामुळे अमावस्येला खरेदी चालेल का यावर घरात चर्चा झालीच. "लक्ष्मीपूजन कधी असतं मग?" असं म्हणून मामीने निकाल दिला. ती अमावस्या पोळ्याची आहे, हे कॅलेंडरवर छापलेलं असून आम्हा शहाण्यांना खटकलंच नाही. आमच्याकडे पोळा म्हणजे पाटावर मातीचे बैल आणि दुपारी पुरणपोळी.

गहिनीनाथांच्या अंगणात शिरलो आणि तिघेही बघत राहिलो. लँड रोव्हरच्या बॉनेटवर झूल, काचेवर बाशिंग, दारांवर गेरूचे ठिपके. त्यांच्या बायको राहीबाई तिला ओवाळत होत्या. घरातले बैल कधीच गेले होते, तेव्हापासून बैलाचा मान तिला.

"मामा, चेहरा पाड. नाहीतर भाव वाढेल," मी कुजबुजले.

"मैत्रेयी, खरी आहे गं!" मामा ओरडला. मी कपाळावर हात मारला.

"जरा सुरू करून दाखवता?" त्याने विचारलं.

राहीबाईंचं ओवाळणं थांबलं. गहिनीनाथ शांतपणे म्हणाले, "आज पोळा हाय सायेब. आज तिच्या मानंवर जू न्हाई. सुरू बी करायची न्हाई अन् इकायची बी न्हाई."

"मग उद्या?"

"उद्या सकाळीच पुन्याची मानसं येत्यात. पैलं त्यांनी बघायचं, आसं बोललोय मी."

आता मामाचा चेहरा माझ्या मदतीशिवाय पडला. मला मामाचा राग आला, त्या पुणेकरांचा आला, माझा तर सगळ्यात जास्त. एरवी चार पुरणपोळ्या हाणणारा मामा गहिनीनाथांनी आग्रहाने बसवलेल्या पंगतीत एका पोळीवर उठला.

संध्याकाळी मारुतीला मिरवणूक. इंजिन चालवायचं नाही, म्हणजे लँड रोव्हर ढकलत न्यायची. गहिनीनाथ स्टिअरिंगला बसले, भावकी मागे लागली. मामा थोडा वेळ बघत राहिला. मग इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून घुसला. पाठोपाठ पदर खोचून मामी! "अहो, जोर लावा!" हलगी वाजत होती, गुलाल उडत होता. मामाचं टक्कल गुलाबी झालं होतं आणि तो हसत होता. गाडी मिळणार नाही हे माहीत असूनही हसत होता. मला एकदम भरून आलं.

देवळाच्या उतारापाशी गहिनीनाथ थांबले. "सायेब, तुमी बसा. माझ्या पायानं बिरेक दबायचा न्हाई."

मामा चढला. मग आतून आरोळी आली, "मैत्रेयी, गुडघे मावले!"

त्याने ती उतारावरून इतक्या अलगद नेली की बाशिंगसुद्धा हललं नाही. नारळ फुटल्यावर गहिनीनाथ बाजूला जाऊन फोनवर बोलून आले.

"पुन्याला इचारलं, दर पोळ्याला हितं आनाल का? हसले. हाटेलाच्या दारात शोभंला ठिवायची हाय म्हने. म्हनलं, मग बघायला बी येऊ नका." मग मामाकडे वळून म्हणाले, "तुमी आनाल?"

मामाने मान डोलावली, चांगली चार-पाच वेळा.

रात्री तिथेच राहिलो. पोळा सरल्यावर सकाळी व्यवहार झाला. मामाने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि असं गरजलं की शेजारची पोरं चड्ड्या सावरत धावत आली. मामी शेजारी चढून बसली. डब्याची तिला आठवणही झाली नाही.

गहिनीनाथांनी बॉनेटवरची झूल उतरवून घडी घातली आणि छातीशी धरली. "ही हितंच ऱ्हाऊ द्या. पुढल्या पोळ्याला लागंल."

मामाने खिडकीतून त्यांचा हात धरला.

"पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला.