दाबून धरलेलं बटण

नात फोनवरचं बटण दाबून धरते, बोलते, सोडते आणि मग पलीकडचं ऐकते. ते पाहिलं की माझ्या नाकात बाजरीच्या भुसाचा वास भरतो आणि माझीच मला किळस येते.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. जुन्नरजवळच्या माळावर मुंबईच्या एका शेठने स्वतःच्या विमानासाठी धावपट्टी केली होती आणि मी तिथला वायरलेसवाला होतो. विमान सोमवारी यायचं होतं. पट्टी दगडासारखी टणक, मळणीला झकास. म्हणून शेजारच्या सखारामला मीच म्हणालो, "तोवर बाजरी मळून घे."

शनिवारी दिवस कलताना शेठचा नवखा पायलट अचानक आभाळात हजर! वायरलेसवर 'उतरतोय' म्हणाला आणि बोलायचं बटण सोडायलाच विसरला. ते दाबलेलं असलं की त्याला दुसऱ्याचं काही ऐकू जात नाही. त्याचं गाणं गुणगुणणं मला ऐकू येत होतं आणि मी घसा फोडून ओरडत होतो, "उतरू नका! पट्टीवर बैल आहेत!"

सखाराम मळणीच्या मधल्या खांबाला, मेढीला, बांधलेले बैल सोडवत होता. एक सुटला. दुसरा विमानाच्या चाकाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी शेठचा मॅनेजर लिहूनच घेऊन आला, 'शेतकरी विनापरवाना पट्टीवर शिरला.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

सखाराम माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमीच म्हनला व्हता ना, मळून घे म्हनून? सांगा की साहेबास्नी."

आता कुणाचंच बटण दाबलेलं नव्हतं. सगळे माझंच ऐकायला थांबले होते.

मी सही केली.