भित्र्या भावजींची व्हॅन

आमच्या धाकट्या भावजींइतका भित्रा माणूस चर्चगेटपासून विरारपर्यंत शोधून सापडायचा नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. औषधांच्या गोदामावर नोकरी करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "वहिनी, दुसऱ्याच्या मुलीला काही झालं तर?" आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या घरी त्यांची रोजची फेरी असे. लिफ्ट अडकेल म्हणून स्वतः जिन्याने चढत, पण हातातली भाजीची पिशवी लिफ्टमध्ये ठेवून बटण दाबून देत, आणि मी ती वर काढून घेतली का, हे प्रत्येक मजल्यावरून ओरडून विचारत. जेवताना माशाची तुकडी आधी माझ्यापुढे सरकवत, "काटा आहे का बघा जरा." लग्नाला गेले की मांडवाचे खांब हलवून बघत आणि ज्या खांबावर भरवसा बसेल त्याच्याजवळ पान मांडून घेत. एकदा नवरदेवाचा मामा चिडून म्हणाला, "अहो, मांडव आम्ही बांधलाय." भावजी म्हणाले, "म्हणूनच बघतोय."

असा माणूस एके दिवशी शाळेची जुनी व्हॅन विकत घेऊन आला तेव्हा मला वाटलं, भावजींना काहीतरी झालंय. पण त्यामागे माझा नवरा होता. यांना दमा. दिवेलागणीला छाती भरून यायची आणि मग वाफेचं मशीन लावावं लागायचं. मशीनला वीज हवी. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, गावाकडे लोडशेडिंगने लोकांचा जीव नकोसा केला होता. श्रीवर्धनकडचं आमचं घर विकलेलं, लॉजवर यांना न्यायचं तर मशीन बंद पडण्याची भीती. म्हणून कित्येक वर्षं हे गावी गेले नव्हते. मरायच्या आधी एकदा तिथल्या समुद्राजवळ झोपायचंय, एवढंच म्हणायचे. ते ऐकून भावजी घरच बरोबर न्यायला निघाले. व्हॅनमधले बाक काढून पलंग बसवला, पलंगाखाली बॅटरी ठेवली, टपावर उन्हातून वीज करणारी पाटी लावली आणि बॅटरीवर थेट चालणारं वाफेचं मशीन आणलं. राहिला तो चार्ज कंट्रोलर. टपावरची वीज बॅटरीत किती जाऊ द्यायची, आणि बॅटरी रिकामी होत आली की मशीनला द्यायची कधी थांबवायची, हे ठरवणारा डबा. यांचा श्वास त्या डब्याच्या हातात जाणार होता, त्यामुळे भावजींनी तो निवडायला एवढा वेळ लावला, की दोन मुलींची लग्नं तेवढ्यात जमली असती.

हाटकेशला एका गाळ्यात असे डबे बनायचे. भावजी सारखे तिथे जात, प्रत्येक डब्याला कान लावत. एक डबा बॅटरी भरली की आतून 'टक' करायचा, रिकामी झाली की पुन्हा 'टक'. दुसरे सगळे गप्प, त्यांचे नुसते दिवे लागायचे. गाळेवाला सांगायचा, "चाचा, यह लो, यह नया है, आवाज नहीं करता." भावजी म्हणायचे, "आवाज नहीं करता तो जिंदा है, कैसे समझेगा?" शेवटी टक करणाराच घेतला. पैसे देता देता गाळेवाला सहज बोलून गेला, "चार्ज ज्यादा हुआ तो बॅटरी का पानी उबलेगा, गॅस बनेगी. लेकिन यह होने नहीं देगा." भावजींनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं.

गावी जायच्या आधी घोडबंदरला खाडीच्या काठी एक मुक्काम करून बघायचं ठरलं. मी, हे आणि भावजी. सोसायटीतली माणसं गेटपाशी हसत होती. एकजण म्हणाला, "काका, हनिमूनला चाललाय का?" हे आतून म्हणाले, "बायको आहे बरोबर, कसला हनिमून." दिवस छान गेला. हे गादीवर टेकून खाडी बघत होते, मी डब्यातली घावनं वाढली. संध्याकाळी ओलसर वारा सुटला आणि यांची छाती वाजायला लागली. मी मशीन लावलं. वाफ आली, यांचे खांदे जरा खाली आले. आणि पलंगाखालून आवाज आला, टक. मशीन थांबलं.

"भावजी, काय झालं?"

भावजी पलंगाखाली वाकले. डब्यावर लाल दिवा. "बॅटरी संपली, वहिनी."

"दिवसभर ऊन होतं. संपेल कशी?"

भावजी खाली मान घालून म्हणाले, "वर चादर आहे." पाणी उकळेल म्हणून त्यांनी टपावरच्या पाटीवर चादर बांधून ठेवली होती. त्याच दिवशी नव्हे, व्हॅन सोसायटीत उभी होती तेव्हापासून, रोज. कुलूप आणायचं आणि कुलपावर भरवसा नाही म्हणून दारातच आडवं व्हायचं, असला हा प्रकार. मी काय बोलले ते लिहीत नाही. हे हातानेच मला गप्प बस म्हणत होते, कारण तोंडाने म्हणायला त्यांच्यात हवा नव्हती.

दम्याचा छोटा फवारा दोनदा मारला, फरक पडेना. भावजींनी गाडी सुरू केली. एरवी हा माणूस दुसऱ्या गिअरच्या वर जात नसे. त्या संध्याकाळी हायवेच्या ट्रकांमधून त्यांनी व्हॅन अशी काढली, की भीती वाटली ती मला. मी यांचं डोकं खांद्यावर धरलं होतं. ओठ काळसर दिसत होते. दर श्वासाला मनात म्हणत होते, एवढा आला, पुढचा येऊ दे. आणि त्याच्याही मागे दुसरी भीती, आपल्या घरी आता दिवे असतील ना? पूनम सागरच्या खिडक्या उजळलेल्या दिसल्या तेव्हा भावजी स्टिअरिंगवरच रडायला लागले. मी म्हटलं, "रडा नंतर. आधी यांना धरा."

घरचं मशीन लागलं, हे सावरले. दुसऱ्या दिवशी भावजी व्हॅन विकायची म्हणून आले. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विकलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. गावी जायचंय मला." यांचा चेहरा बघून मी चपला घातल्या आणि भावजींना घेऊन हाटकेशला गेले. गाळेवाल्याला एकच विचारलं, "बंद होने के पहले बोलता है, ऐसा है क्या?"

"है ना. बॅटरी हाफ हो गयी तबसे चिल्लाता है. लोग लेते नहीं, माँजी, नींद खराब होती है."

"चिल्लाने दो," मी म्हटलं. "और चादर का सवाल है तो वह मेरे कपाट में रहेगी."

आम्ही गावी गेलो. समुद्र ऐकू येईल अशा जागी व्हॅन लावली. संध्याकाळी यांनी वाफ घेतली, डबा एकदाही ओरडला नाही. मी पडले तेव्हा भावजी पलंगाशी खाली बसले होते, एक हात बॅटरीच्या पेटीवर. उजाडलं तेव्हाही तसेच. हे उठून बसले, समुद्राकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"धाकट्या, झोपलास का जरा?"

"नाही."

"मग झोप आता. मी जागा आहे."

भावजी तिथेच आडवे झाले आणि लहान पोरासारखे घोरायला लागले. मी त्यांना इतकं निवांत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुढे हे गेले. घरातच गेले, वीज होती, मशीन होतं, सगळं होतं. त्यानंतर भावजींची भीती हळूहळू ओसरली. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सुधारला. मला नाही वाटत. परवा आले ते खोकतच आले. मी म्हटलं, "छातीचा फोटो काढून घ्या." तर पेपर उघडत म्हणाले, "काय होतंय, वहिनी." हे वाक्य त्यांच्या तोंडात शोभत नाही. सगळं आयुष्य हा माणूस आम्हा सगळ्यांच्या वाटचं भ्याला होता, आणि आता स्वतःपुरतंही भ्यायला तयार नाही. मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला. म्हटलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय. मी येतेय बरोबर."