शालनने लिहिलेलं कारण

शालन जिना चढून आली की वार कळतो. सोमवारी चंदन, मंगळवारी केवडा, मग दोन दिवस मोगरा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत अगरबत्तीचा एक कारखाना आहे, तिथे ती पॅकिंगला असते. त्या दिवशी जो माल निघाला असेल त्याचा वास तिच्या केसांतून, पदरातून आमच्या दुसऱ्या मजल्यावर येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. शुक्रवारी तिला सुट्टी. शुक्रवारी जिन्याला नुसता जिन्याचा वास येतो.

आमची दारं समोरासमोर आहेत. तिचा नवरा धम्मपाल गेला तेव्हा मुलगी रचना सातवीत होती. दिवा स्टेशनजवळची खोली सोडून शालन इथे भाड्याने आली, कारखाना चालत जाण्याइतका जवळ म्हणून. एवढं झाल्यावर माणूस कडवट होतो. शालन झाली नाही. ती अर्धी झोपेत असल्यासारखी वागते, एवढंच. बोलता बोलता थांबते, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीकडे बघत राहते, मग मधलं एखादं वाक्य गाळून पुढचं बोलते. सकाळी पाणी भरताना मला रात्रीची स्वप्नं सांगते.

"ताई, काल आपल्या टाकीत कमळं आलेली. एवढी मोठी. सेक्रेटरी म्हणाला, कमळांचा मेंटेनन्स वेगळा द्यायचा."

मी स्वतः काळजी करणारी बाई आहे. माझी क्षिप्रा कॉलेजातून पंधरा मिनिटं उशिरा आली तरी मी गॅलरीत उभी असते. शालनला त्याचं हसू येतं. पण मी बी. ए. असल्यामुळे मजल्यावरचे सगळे फॉर्म माझ्याकडे येतात, म्हणून ही गोष्ट मला पहिल्यापासून माहीत आहे.

तिचा लाडक्या बहिणीचा फॉर्म मीच भरला होता. महिन्याला दीड हजार. पहिला हप्ता आला तेव्हा ती बँकेत जाऊन पासबुक छापून घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं. "वाच ना, ताई."

मी आकडा वाचला.

"तो नाही गं. वरचं. नाव."

शालन धम्मपाल गमरे, मी वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

तिचा पगार कधी तिचा नव्हताच. तो भाड्याचा, गॅसचा, रचनाच्या फीचा. हे पैसे मात्र कुणी मागितले नव्हते. त्यांचं ती काय करते हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. महिन्यातला एक शुक्रवार ती ठाण्याला जायची आणि तलावपाळीला नावेत बसायची. एकटीच, अर्धा तास. वल्हवणाऱ्याला सांगायची, घाई करू नको, कुठे पोचायचं नाहीये. नाव मधोमध गेली की रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, म्हणाली. कडेचे दिवे लागले की पाण्यातही एक गाव दिसतं, त्या गावात धम्मपाल असेल असं तिला वाटतं. भीती नाही वाटत, नुसतं असेल असं वाटतं. मग ती उतरायची, रचनाला पेरू घ्यायची आणि घरी यायची. उरलेले पैसे खात्यातच राहायचे. पण महिन्यातून एकदा ते आले आहेत, आपल्या नावावर आले आहेत, एवढ्यावर तिची चाल बदलायची.

यंदा रचनाचा लॅबचा डिप्लोमा पुरा झाला आणि बाळकुमच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली. चोवीस हजार. दोन आठवड्यांनी, सोमवारी जॉइन व्हायचं. त्याच आठवड्यात शालन मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. योजनेची माहिती पुन्हा भरायची होती, खाली हमीपत्र होतं. मी वाचत गेले आणि एका ओळीवर अडकले. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. रचनाचा पगारच वर्षाला त्याच्यावर जात होता.

मी तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली. मग गच्चीकडे बघत म्हणाली, "म्हणजे रचनाला मिळाली की माझं जाणार."

"शालन, चोवीस हजार येणार आहेत घरात."

"घरात. हो."

त्या रविवारी संध्याकाळी, ती कामावरून आल्यावर, तिचा दीर जगन दिव्याहून आला. जगन हसवणारा माणूस, पण हसता हसता आपलं काम उरकून घेणारा. मी फॉर्मचे कागद द्यायला गेले होते, तर त्याने ते हातातून घेतले आणि बोट ठेवून वाचू लागला.

"वहिनी, यात काय लिहिलंय बघा. अविवाहित! लगीन झालं की पोरगी तुमच्या कुटुंबात धरतच नाहीत. कल्याणचं ते स्थळ अजून बसलंय, मी सांगितलेलं ना? उडवून द्या बार. पोरगी पण सुखात, तुमचे पण चालू."

रचना ओट्याशी चहा गाळत होती. "काका, दीड हजारात काढताय मला? थोडा भाव तरी करा."

"अगं मस्करी केली."

"मग हसा की. मला तर स्थळाचा फोटो पण पाठवलात तुम्ही."

आम्ही सगळे हसलो. शालन सोडून. ती कपाकडे बघत होती.

मंगळवारी केवड्याच्या वासाची शालन माझ्या दारात उभी राहिली. आत आली नाही. हळूच म्हणाली, "ताई, नुसता साखरपुडा झाला तर? मग पण पोरगी अविवाहितमध्येच धरतात का?"

मी म्हटलं, "शालन, तू हे मला विचारतेयस?"

"विचारलं फक्त."

पण दार उघडं होतं, आणि रचना कोपऱ्यावरून दूध घेऊन जिना चढत होती. तिने ऐकलं. आत गेली, दूध तापवलं. रात्री जेवताना म्हणाली, "आई, मी नाही जॉइन होत. लॅबच्या मॅडमना फोन करते. तू तुझ्या नावेत बस." रागानेही नाही म्हणाली. कधी नावेचं तिला कळलं, कोण जाणे. शालनला वाटायचं ते तिचं आणि माझंच गुपित आहे.

हे मला शालननेच बुधवारी सांगितलं. ती मोगऱ्याच्या वासात बुडाली होती आणि पहिल्यांदाच पूर्ण जागी दिसत होती. "ताई, ती खरंच नाही जाणार. तिचा बाप असाच होता. एकदा मन उठलं की शांत बसायचा." मी तिला म्हटलं, मी बोलू का रचनाशी? ती म्हणाली, "तू काय बोलणार? बोलले मी आहे."

शुक्रवारी ती मला घेऊन योजनेच्या ऑफिसात गेली. ठाण्याला नाही, आमच्याच भागातल्या ऑफिसात. लांब रांग होती. खिडकीपाशी काळुराम नावाचे वयस्कर कारकून होते, शर्टाच्या खिशात दोन पेनं. शालनने सांगितलं, माझे पैसे बंद करायचेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. दिवसभर त्यांच्याकडे पैसे चालू करायला सांगणाऱ्याच बाया येत असणार.

"कोरा कागद घ्या. अर्ज लिहा. कारणात लिहा, अपात्र."

मी पेन काढलं. शालनने ते माझ्या हातातून घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण सही सोडून तिला लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अपात्र नाही लिहिणार," ती म्हणाली.

"अहो बाई, तो शब्द आहे सरकारी. सगळे तोच लिहितात."

"मी काय केलंय अपात्र व्हायला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ मावशी, निबंध नंतर लिहा, आमचा नंबर जातो." शालनला ऐकूच गेलं नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावर कागद धरून लिहीत होती, एकेक अक्षर, जीभ दातांत धरून. काळुराम थांबले. मग त्यांनी मागच्या बाईला बाजूच्या खिडकीकडे पाठवलं.

लिहून झाल्यावर त्यांनी अर्ज वाचला. एकदा मनात, मग थोडा मोठ्याने. "माझी मुलगी रचना हिला बाळकुम येथे लॅबमध्ये नोकरी लागली आहे. ती रक्त तपासते. आमचं आता चालेल. म्हणून माझे पैसे बंद करावेत ही विनंती."

"रक्त तपासते, हे नको होतं," ते म्हणाले.

"राहू द्या ना."

त्यांनी राहू दिलं. शिक्का मारला. "पोच हवी का?"

"हवी."

घरी आल्यावर तिने पोच, म्हणजे अर्जाची शिक्का मारलेली झेरॉक्स, रचनाच्या हातात दिली आणि भाजी निवडायला बसली. मी दारातच उभी होते, जावं की थांबावं कळेना. रचनाने कागद वाचला. परत वाचला. शालन मेथीची पानं खुडत होती.

"आई," रचना म्हणाली, "मी अजून एकही रक्त तपासलेलं नाही तिथे."

"मग तपास."

"आणि नोकरीतली 'री' दीर्घ असते."

"असू दे. शिक्का बसला आता."

रचना खाली बसली. जुडीतली अर्धी मेथी तिने स्वतःकडे ओढली. मग विचारलं, "सोमवारी किती वाजता निघू म्हणतेस?"