डोक्यावरचं थोरियम

तुमच्या घरी कधी थोरियम होतं का? लगेच नाही म्हणू नका. घरात गॅसबत्ती असेल, तर होतंच. आमच्या नाचणगावच्या वर्गात ते रोज संध्याकाळी आढ्याला टांगलेलं असायचं. धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, मी तिथे बायकांना लिहायला-वाचायला शिकवू लागले. त्या एका बत्तीखाली इतके किस्से साचले, की एक सांगायला घेतला की दुसरा आपणहून पुढे येतो.

*

माझे धाकटे दीर पुलगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सगळ्या त्यांना भाऊजीच म्हणत. संध्याकाळी आमच्या वर्गातला धडा संपला की ते बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. एकदा त्यांनी सांगितलं, केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे. त्यातून पुढे अणुशक्तीची वीज निघेल. म्हणून बाहेरचे देश ती वाळू मागतात आणि आपलं सरकार देत नाही. धान्याची टंचाई होती, गहू हवा होता, तेव्हाही दिली नाही.

महिला मंडळाच्या प्रमुख लक्ष्मीकाकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "गहू देऊन रेती नेतात? मंग भाऊजी, त्याइले म्हणा वर्धा नदीवर या. टोपलं मी भरून देतो."

*

पुढे एकदा भाऊजी बोलून गेले, की बत्तीच्या जाळीतही थोरियमच असतं. जाळीचं कापड पहिल्यांदाच जळून जातं आणि मागे पांढरा सांगाडा उरतो, तोच उजेड देतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका भिंतीला चिकटून बसल्या. "बाँब टांगला हाय डोक्यावर, अन् बाराखडी गिरवा म्हणता?" काकूंनी विचारलं. भाऊजींनी परोपरीनं समजावलं, कोणी हलेना.

बत्तीखाली बसली ती एकटी यमुना. ती जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची आणि कापसाच्या धुरळ्यानं तिचे डोळे सारखे सुजलेले असायचे. चौथी पास झाली, तर दवाखान्यात तिला आया म्हणून घेणार होते. नाही झाली, तर पुन्हा जिन आणि तोच धुरळा.

"मले परीक्षा हाय," ती म्हणाली. "फुटायचा असन, तर पास झाल्यावर फुटो."

एकेक बाई पुढे सरकली.

*

मंडळात घरोघरचं मूठभर धान्य जमा व्हायचं. काकूंनी त्याच्या शेजारी तुपाचा रिकामा डबा ठेवला. गावात कुठेही जाळी फुटली, की तिची राख त्यात टाकायची.

"देशाले लागते म्हणता, मंग फेकता काऊन?"

भाऊजी म्हणाले, "काकू, अशानं वीज व्हायला हजार वर्षं लागतील."

"लागू द्या. सूत बी एक एक गुंडी करूनच जमते."

पुढे जिल्ह्यातले एक पुढारी सभेला आले. अणुशक्तीवर फार छान बोलले. भाषण संपल्यावर काकूंनी हार घातला आणि डबा उघडून पुढे केला. पुढाऱ्यांनी डोळे मिटले आणि चिमूटभर राख कपाळाला लावली.

*

सेवाग्रामहून खादीच्या कामासाठी आबाजी यायचे. त्यांना अणू हा शब्दच नको होता. "अणू म्हणजे हिंसा. खेड्याला घाण्याचं तेल आणि मातीचा दिवा पुरे," असं म्हणून त्यांनी एकदा बत्ती विझवायला लावली.

भाऊजी वाद घालणार, तेवढ्यात यमुनानं दिवा आबाजींसमोर ठेवला आणि त्यांचा चरखाही आणून दिला. "काता आबाजी. मी बी याच्यातच वाचतो."

दोनतीनदा सूत तुटल्यावर आबाजी उठले. त्यांनी स्वतःच बत्तीला पंप मारला. म्हणाले, "परीक्षेपर्यंत असू द्या."

*

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कुठूनसा भुंगा आला, जाळीवर आपटला आणि जाळी ढासळली. लग्नसराई असल्यानं पुलगावच्या दुकानात एकही जाळी शिल्लक नव्हती. यमुनाचे गणिताचे धडे राहिले होते आणि कंदिलाच्या उजेडात तिला आकडे दिसत नव्हते.

तेवढ्यात पाटलांच्या मुलाची वरात रस्त्याला लागली. पुढे वाजंत्री, मागे सजवलेल्या बैलांच्या दमणीत नवरानवरी, दोन्ही अंगाला डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया. काकूंनी यमुनाचा हात धरला आणि आम्ही सगळ्या वरातीत शिरलो.

यमुना एका बत्तीवालीला खेटून चालत वाचू लागली. बत्तीवाली हळू झाली, तशी मागची दमणीही हळू झाली. पाटील तरातरा पुढे आले.

"हे काय चालू हाय? वरात हाय का शाळा? अन् हिले कोणं बोलावलं? बत्त्या माह्या हायत."

"बत्त्या तुमच्या," काकू म्हणाल्या. "पर त्याच्यातलं थोरियम देशाचं हाय. सरकार ते परदेशाले देत नाई, तुमाले एकट्याले कसं देईन?"

पाटलांनी बत्तीकडे पाहिलं. मग यमुनाच्या पुस्तकाकडे पाहिलं.

"किती पानं राह्यले?"

"चार," यमुना म्हणाली.

पाटील वाजंत्र्यांकडे वळले. "वाजवणं थांबवा बे. गावाले आखीन एक चक्कर मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुना पाटलांच्या दमणीत बसून पुलगावला परीक्षेला गेली.