दोन दिस थांबा

"सायबांची पोरगी बोलत न्हाई का हो? मुकी हाय का काय?"

कडब्याच्या गंजीपलीकडून हा प्रश्न आला, तेव्हा मी अलीकडे बसून बोराच्या बिया एका ओळीत मांडत होते. विचारणारे बाबांच्या ऑफिसातले कुणी गृहस्थ होते, हुरडा खायला परभणीहून आलेले. आवाजावरूनच त्यांचं पोट भरलेलं कळत होतं. उत्तर माझ्या मामांनी दिलं. गरम कणीस हातात असणार, कारण बोलण्याआधी तळहातावर फुंकर मारल्याचा आवाज आला.

"बोलती की. दोन दिस थांबा. दाना भरायलाय तिचा."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, आणि रागही आला नाही. माझ्याविषयी इतक्या भरवशानं कुणी काही बोलल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. परभणीहून पोखर्णीच्या रस्त्याला लागलं की अलीकडेच त्यांचं गाव. काळी, चिकट, औतालाही दमवणारी जमीन, एक विहीर, आणि त्या रानाच्या एका तुकड्यात दरवर्षी फक्त हुरड्यासाठी पेरलेली गूळभेंडी ज्वारी. मामांनी लग्न केलं नव्हतं. गाव त्यांना 'थांबामामा' म्हणायचं, अगदी तोंडावरसुद्धा. ते वाईट वाटून घेत नसत. "आरं, थांबलं की चांगलं व्हतंय," एवढंच म्हणत.

थंडी पडली की रोज सकाळी दव असतानाच मामा त्या तुकड्यात शिरायचे. एखादं ताट हलकेच वाकवून कणसातला दाणा काढायचे आणि अंगठ्याच्या नखानं दाबायचे. पांढरं दूध आलं की कणीस सोडून द्यायचे. दूध संपून दाणा साईसारखा घट्ट झालेला हवा, पण दाताला लागायला नको, अशी त्यांची अट होती. मग जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. आम्ही पोरं बांधावर उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. डोळे उघडून ते म्हणायचे, "न्हाई. दोन दिस थांबा." शेती बटईनं करणारा किशन तेव्हा तरुण होता आणि मामांची भीड ठेवत नसे. तो म्हणायचा, "मामा, अदुगर पाखरायला जेवू द्या, मंग पाव्हण्यायला बोलवा." मामा म्हणायचे, "पाखरायला घाई असती. त्यायला उडून जायचं असतंय."

तरी लोक त्यांचं ऐकत, कारण दिवस जमला की मामांच्या रानातल्यासारखा हुरडा कुठेच नसे. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, हिरवा वास यायला लागला की काढायची, आणि मामांनी दोन्ही तळव्यांत धरून चोळायची. ताटलीत पडणारा दाणा हिरवा, मऊ, थोडा गोड, वाफ धरलेला असायचा. सोबत जवसाची चटणी आणि गुळाचा खडा. लोक खाताना गप्प होत. मामा स्वतः मात्र शेवटी खायचे, आणि प्रत्येक वेळी दोनातलं एक बोलायचे, "काल यायला पायजे व्हता," किंवा "उद्या आजून बरा लागला असता." इतरांना जे पुरं वाटायचं, त्यात मामांना कुठेतरी एक दिवस कमी किंवा जास्त सापडायचाच.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी आमच्याकडे एक विषय होता, आणि घरात आई-बाबा माझ्याशी जपून बोलायचे, जणू गावाकडची बोली मला लागेल. सुट्टीत मामांकडे गेले की आजूबाजूच्या पोरांत मी बसायचे. एकदा धीर करून मी "लय गरम आहे" म्हणाले, तर सगळी लोळून हसली. त्यातला एक म्हणाला, "तुझ्या तोंडात ते लय बी इंग्रजी लागायलंय." तेव्हापासून मी वाक्य आधी मनात तयार करायला लागले. शब्द निवडायचे, मागेपुढे करायचे, कुणी हसेल का ते बघायचे. वाक्य तयार होईपर्यंत बोलणं तिसरीकडेच गेलेलं असायचं. अशी कितीतरी चांगली वाक्यं माझ्याकडे पडून आहेत.

मामांसोबत हे ओझं नसायचं. आम्ही दोघं विहिरीपासून लिंबापर्यंत बांधानं चालायचो. मी काही विचारणार आहे हे त्यांना कळायचं, आणि ते पावलं हळू करायचे. लिंबाजवळ पोचल्यावर माझा प्रश्न बाहेर यायचा, आणि परत विहिरीशी आल्यावर त्यांचं उत्तर. किशन आम्हाला बघून आईला म्हणायचा, "ह्या दोघायला एकमेकायसंगं भांडायचं असलं, तर रबी निघून जाईल."

मामांच्या घराच्या ओसरीवर शहाबादी फरशी आहे. पाणी ओतलं की एका रेषेत अंगणात उतरतं, मध्ये कुठे थबकत नाही. लहानपणी मला त्या फरशीचं कौतुक होतं. तिची गोष्ट आईनं मला खूप नंतर सांगितली. मामांना चारठाण्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी त्यांना मनापासून आवडली होती. पण तिला मातीच्या ओसरीवर कसं आणायचं, म्हणून त्यांनी फरशीचं काम काढलं आणि तिच्या घरी निरोप पाठवला, जरा थांबा. फरशी बसली. एक दगड पायाखाली किंचित डुलत होता, म्हणून सगळी उचलून पुन्हा बसवली. तोवर तिकडे दुसरीकडे सुपारी फुटली होती. "त्यानं नकार दिलाच नव्हता," आई म्हणाली. "आणि तिला कुठं फरशी पायजे होती?"

बहुधा त्या गोष्टीमुळेच आई त्यांच्यावर कधी कधी चिडायची. एका वर्षी पाहुणे येऊन बसलेले, आणि मामा कणीस हातात घेऊन नको म्हणायला लागले. आईनं ते कणीस काढून घेतलं.

"दादा, शेंड्याचा दाणा निबर होतो, तवा बुडाचा दुधातच असतो. अख्खं कणीस एका दिशी कधी आलंय का? तू कुणाची वाट बघायलास?"

"मला काय म्हाईत न्हाई का ते," मामा म्हणाले. पाहुण्यांची कणसं भाजून झाली, तेव्हा हळूच म्हणाले, "पर एखांदं येईल की."

मी पुण्याला नोकरीला लागले, आणि माझी रजा मामांच्या दाण्याशी जमेनाशी झाली. एका वर्षी त्यांचा फोन आला, "ह्या आयतवारी येऊ नकोस माय. दूध हाय आजून. फुडल्या आयतवारी ये." मी तिकीट बदललं. पुढच्या रविवारच्या आधी पुन्हा फोन. थंडी पडली नव्हती, दाणा मागे राहिला होता. मी पुन्हा तिकीट बदललं. मग अचानक ऊन तापलं आणि चार दिवसांत सगळं रान कडक झालं. "निबर झाला माय," ते म्हणाले, घरातलं कुणी आजारी पडल्याचं सांगावं तसं. मला त्यांना सांगायचं होतं की मी हुरड्यासाठी येत नाही, तुमच्यासाठी येते, हुरडा नसला तरी येते. मी ते वाक्य नीट लावत होते. "बरं, ठिवू मंग," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढे बाबा पुण्याला आले, तेव्हा मामांनी त्यांच्याबरोबर त्याच रानातल्या ज्वारीचं पोतं पाठवलं होतं. मला भाकरी येत नाही. ते पोतं बरेच महिने माझ्या खोलीत दाराशी उभं होतं.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. परवा किशनचा फोन आला, "ताई, हुरड्याला कवा येता?" कधी येऊ, असं मी विचारलं, तर म्हणाला, "कवा बी या. असंल तसा खाऊ." त्यानं किती मायेनं म्हटलं होतं. तरी मला त्याचा थोडा राग आला. कुणीतरी मला नको, आज नको, म्हणायला हवं होतं. कुणीतरी दवात उभं राहून माझ्यासाठी डोळे मिटायला हवे होते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मामांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. आई त्यांच्याजवळ राहायला गेली. शब्द त्यांच्या आत असायचे, ते डोळ्यांत दिसायचे, आणि ओठांपर्यंत येईतो विरून जायचे. ते कसं असतं हे मला माहीत होतं. डाव्या हाताच्या खुणांवर त्यांचं काम चालायचं, आणि सगळ्यांत जास्त वेळा दिसायची ती दोन बोटं. औषध आणलं, दोन बोटं. न्हावी आला, दोन बोटं. आई हसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. थंडी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तिनं मला फोनवर एवढंच म्हटलं, "यायचं तर आत्ता ये. दाण्याचं बघू नकोस."

सकाळी परभणीला उतरून मी तशीच गावाला गेले. एका दिवसाची रजा मिळाली होती. मामांची बाज ओसरीवर उन्हात टाकली होती. मला बघून त्यांचा डावा हात जागचा हलला. मग त्यांनी रानाकडे बघितलं, आणि माझ्याकडे, आणि मान हलवली. अजून वेळ होता, हे त्यांना तिथूनच कळत होतं.

मी किशनला इळा मागितला. "ताई, दूध हाय आजून," तो म्हणाला. "मामा तोंडाला लावायचे न्हाईत." तुकड्यात शिरून त्यातल्या त्यात पुढे गेलेली कणसं शोधली. मला नखानं नीट पारखता येत नव्हतं, म्हणून दिसतील ती भरदार कापली. अंगणात, बाजेवरून दिसेल अशी आगटी केली. गोवऱ्या ओलसर होत्या. धूर ओसरीत गेला, राख उडून त्या फरशीवर पसरली. आई फडकं आणायला उठली आणि परत बसली.

पहिली कणसं मी करपवली. दुसरी लवकर काढली. चोळायला घेतली तर बुडाकडचे दाणे तळहातात चिरडून खीर झाले, शेंड्याचे काळे पडले, आणि कोंडा काही निघेना. हात भाजत होते. शेवटी ताटलीत जे जमलं, त्याला हुरडा म्हणायला मामांनी नक्की वेळ घेतला असता. मी चटणी आणि गूळ ठेवला आणि ताटली घेऊन बाजेवर त्यांच्याजवळ बसले.

मामांनी डाव्या हातानं एक दाणा उचलला. नख लावायला त्यांना बराच वेळ लागला. दाण्यातून दूध आलं आणि त्यांच्या बोटावरून ओघळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली.

आईनं तोंड फिरवलं. फोनवरचं ते जुनं वाक्य माझ्याकडे अजून होतं, सगळे शब्द जागच्या जागी बसलेलं. ते मी तसंच राहू दिलं. त्यांची दोन बोटं माझ्या मुठीत धरली, दुसऱ्या हातानं चिमूटभर हुरडा घेतला, कोंड्यासकट, करपलेल्या दाण्यांसकट, आणि त्यांच्या ओठांशी नेला.

"लय थांबलो आपण, मामा," मी म्हणाले. "आ करा."