जाळीआडची घोडी

माझे मामा एका घोडीपायी कामातून गेले, असं आमच्याकडे आजही कुणी ना कुणी म्हणतं. म्हणणाऱ्यांतला एकही जण त्या जाळीच्या आत कधी पाऊल टाकून आलेला नाही. म्हणून हे मीच सांगते.

मामा घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार होते. खरारा, चारापाणी, जनावरांची दुखणीखुपणी, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टर औषध सांगून जायचे, सुई मामा टोचायचे. सकाळी सुई उकळायची आणि तीच अख्ख्या रांगेला चालवायची, ही तिथली जुनी रीत. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग नवीन घेतलेला एक घोडा तापाने फणफणला, खंगत गेला आणि मेला. सरकारी डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त तपासायला नेलं. चार जनावरं बाधित निघाली. हा रक्तातला आजार. त्यावर औषध नाही, आणि लागण झालेलं जनावर वरून ठणठणीत दिसलं तरी जन्मभर तो अंगात बाळगतं. घोडमाशी एकाला चावून लगेच दुसऱ्याला चावली की तो पसरतो.

"आणि सुईनेही पसरतो," डॉक्टर म्हणाले. "इथे टोचायला सुया किती आहेत?"

"एकच," मामा म्हणाले.

तिघांना संपवावं लागलं. तिघांचेही दोर मामांनीच धरले, दुसऱ्या कुणाला धरू दिले नाहीत. चौथ्या होत्या बाईसाहेब. ही घोडी चारा जरा शिळा असला की तोंड फिरवायची, म्हणून मामीने तिला दिलेलं हे नाव. बाईसाहेब गाभण होत्या. मामांनी मालकांचे पाय धरले. डॉक्टर म्हणाले, ठेवायचीच असेल तर घोडमाशी पोचणार नाही इतकी लांब, बारीक जाळीच्या खोलीत ठेवा. बादली, खरारा, दोर, सगळं वेगळं. मालकांनी त्यात भर घातली, की तिच्याकडच्या माणसानेही इतर घोड्यांना हात लावायचा नाही. ज्यांची चाहूल लागली की अख्खी रांग खिंकाळायची, ते मामा एका घोडीपुरते उरले.

"सवत आणली असतीत तर निदान तिने दोन भांडी तरी घासली असती," मामी म्हणायची. पण जाळीला कुठे भोक पडलं की सुईदोरा घेऊन तीच जायची.

शिंगरू झालं, आणि त्याचंही रक्त बाधित निघालं. मामा खालीच बसले. डॉक्टरांनी समजावलं, की आजार नसला तरी आईच्या दुधातून उतरलेली त्याची नुसती खूणही तपासणीत अशीच दिसते. ती असेल तर काही महिन्यांत पुसली जाईल. नाही पुसली, तर आजारच. मग शिंगरालाही संपवावं लागेल.

दूध तोडून शिंगराला वेगळ्या जाळीत ठेवलं. त्या दिवसांत मामांना अन्न गोड लागेना. एकदा मला म्हणाले, "माझ्या हातून तीन गेले गं. हे एवढं तरी सुटू दे."

खूण फिकी होत गेली. मग एक तपासणी स्वच्छ आली, आणि तिच्यावर आणखी एक. डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, तेव्हा मामा तिथेच, लिदीच्या ढिगाशेजारी बसून मोठ्याने रडले. मग शिंगराला कुंपणापर्यंत नेऊन त्यांनी त्याचा दोर पलीकडच्या मोतद्दाराच्या हातात दिला.

मालक म्हणाले, "आता त्या घोडीचं काय काम? संपवू तिला. तू परत ये आणि हे शिंगरू तूच तयार कर."

मी तिथेच होते. मला वाटत होतं, मामांनी हो म्हणावं. आयुष्यभर त्यांना दुसरं काय हवं होतं?

"मालक, तिने काही सुई मागितली नव्हती," मामा म्हणाले आणि परत जाळीत गेले. मला त्यांचा इतका राग आला, की कितीतरी दिवस मी तिकडे फिरकले नाही.

शेवटी मी गेले तेव्हा शिंगरू चांगलं उंचेलं झालं होतं. लांब मैदानात ते इतर घोड्यांबरोबर चरत होतं. बाईसाहेबांनी जाळीला नाक लावून हाक मारली. पूर्वी ते लगेच ओ द्यायचं. या वेळी त्याने मान वर केली नाही. तिने पुन्हा हाक मारली. ते उधळलं आणि दुसऱ्या घोड्यांमागे धावत गेलं.

मला भरून आलं. मामा मात्र हसले.

"विसरला," ते म्हणाले. "सुटला बघ." आणि घोडीच्या मानेवर डोकं टेकून, ती हाक मारायची थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.